एक ब्रश, चार साबण आणि बोअरचं पाणी

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला तो तक्रार घेऊनच. "मामा, हा दाढीचा साबण फसवा निघाला. पहिल्या आठवड्यात लोण्यासारखा फेस यायचा. आता नुसतं पाणचट होतं आणि गालावरच वाळतं. तुम्हीच बघा."

मी साबणाला हात लावला नाही. म्हटलं, "आधी ब्रश दाखव."

ब्रश चांगला होता, डुकराच्या केसांचा, लाकडी मुठीचा. वरून स्वच्छ दिसत होता. पण अंगठ्यानं केस मधोमध फाकवले तर मुठीजवळ, जिथं केस रोवलेले असतात तिथं, पिवळट पांढरा मेणचट थर बसलेला. नखानं खरवडला तर नखाखाली चिकटला. वास घेतला तर चंदन, पुदिना आणि कसलं तरी लिंबू, तिन्ही एकदम.

"किती साबण वापरतोस?"

"चार. रोज वेगळा. दोन गोल वड्या, एक कांडी, एक क्रीम."

"आणि मधे ब्रश धुतोस कसा?"

"नळाखाली धरतो की."

"नळाला पाणी कुठलं?"

"बोअरचं."

मग त्याला खुर्चीवर बसवलं. मी ३१ वर्षं साताऱ्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. काचेची भांडी धुण्यातच निम्मी नोकरी गेली आणि त्या कामाचा मला अजून अभिमान आहे. कारण ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून थेंबथेंब सोडायची काचेची नळी, नीट धुतलेली नसेल तर मुलाचं उत्तर चुकतं, आणि ते बिचारं समजतं आपलं गणित चुकलं. दाढीच्या ब्रशाचंही तसंच आहे. फेस बिघडला की माणूस साबण बदलतो, क्रीम बदलतो, पातं बदलतो. बिघाड मात्र आदल्या दिवशीच्या धुण्यात असतो.

हे मला कळलं ते घर बदलल्यावर. आम्ही आधी जुन्या गावात, चिमणपुऱ्याच्या बाजूला राहायचो. तिथं कासचं पाणी यायचं. कासच्या पठारावर जांभा खडक, त्यावर पडलेला पाऊस तलावात साठतो आणि ते पाणी शहरात येतं. त्या पाण्यात साधा गोल साबणसुद्धा वाटीबाहेर उतू जायचा. ब्रश मी नळाखाली धरायचो, झटकायचो, खुंटीला अडकवायचो. वर्षानुवर्षं एवढंच केलं आणि काही बिघडलं नाही. मग अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शाहूनगरकडे घर बांधलं आणि बोअर घेतली. साबण तोच, ब्रश तोच, हातही तोच. तीन महिन्यांत फेस मोडायला लागला.

शाळेत आठवीच्या मुलांसाठी मी जो प्रयोग मांडायचो तो घरी मांडला. दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या. एकीत कासचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्ही निम्म्या भरायच्या. अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा किसून दोन्हींत टाकायचा आणि दहा वेळा जोरात हलवायचं. कासच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला आणि टिकला. बोअरच्या बाटलीत पाणी दह्याच्या निवळीसारखं गढूळ झालं, वर पांढऱ्या कण्या तरंगल्या आणि फेस आला तसा बसला. तुमच्या घरचं पाणी कसं आहे हे कुणाला विचारत बसू नका, हा प्रयोग करा. फक्त शाम्पू किंवा हात धुवायचं लिक्विड घालू नका, त्यांना दोन्ही पाणी सारखंच.

क्रमिक पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, आणि इतका नेमका शब्द क्वचितच सापडतो. काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचा, तेलातुपातून निघणाऱ्या आम्लांचा, सोडियम किंवा पोटॅशियम क्षार, तो पाण्यात विरघळतो. त्याला कॅल्शियम भेटलं की सोडियमची जागा कॅल्शियम घेतं आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळतच नाही. बादलीच्या काठाला जी चिकट कड बसते ती हीच. पिण्यासाठी असं पाणी वाईट असतं असं नाही. भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतची दुष्फेनता ठीक मानली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण साबणाचं नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

आता भाच्याच्या ब्रशात काय चाललं होतं बघा. चंदनाच्या साबणाचा दाट फेस केसांच्या मुळाशी भरलेला. त्यावर बोअरचं पाणी सोडलं की वरचा फेस वाहून जातो, पण आतला साबण तिथंच फुटतो आणि चिकट साका होऊन केसांना धरतो. म्हणजे ज्याला आपण धुणं म्हणतो त्यानंच थर बसतो. दुसऱ्या दिवशी क्रीम, तिचा थर त्यावर. तिसऱ्या दिवशी कांडी. चौथ्या दिवशी जो साबण येतो त्याच्या वाट्याला निम्मे बुजलेले केस येतात. ते पाणी धरत नाहीत, आणि ब्रशात पाणी नसेल तर फेस कशाचा होणार?

म्हणून पहिलं सांगणं हे, की धुण्याचं पहिलं पाणी मऊ हवं. शेवटचं कसंही चालेल. साबण सगळ्यांत जास्त असतो तो पहिल्या पाण्यात, साका तिथंच होतो. घरात आर.ओ.चं यंत्र असेल तर त्याचं गाळलेलं पाणी वापरा. त्याच्या बाहेर टाकायच्या नळीतून जे पाणी येतं ते मात्र अजिबात नको. पुष्कळ घरांत ते बादलीत साठवून धुण्याभांड्याला वापरतात, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. यंत्र नसेल तर बोअरचं पाणी पाचदहा मिनिटं उकळा, थंड होऊ द्या आणि वरचं निवळ ओतून घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट बरेच असतात, ते उकळल्यावर तळाला बसतात, पातेल्याला पांढरा खवला धरतो तो त्याचाच. सगळे क्षार असे जात नाहीत, पण फरक हाताला कळतो. आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. पहिल्या दोनचार सरींनी पत्रा धुऊन निघाला की पागोळीखाली पातेलं ठेवा. त्याहून मऊ पाणी पैसे देऊनही मिळत नाही. मी जून ते सप्टेंबर तेच वापरतो, गाळून बाटल्यांत भरून ठेवतो.

पाणी किती लागतं? तीन लहान वाट्या. एक मोठा तांब्या नाही, तीन लहान वाट्या. हे प्रयोगशाळेतलं सगळ्यांत जुनं शहाणपण आहे आणि मी दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर गणित मांडून दाखवायचो. समजा, दाबून घेतल्यावर ब्रशात ५ मिलिलिटर साबणाचं पाणी उरलं. वाटीत ४५ मिलिलिटर स्वच्छ पाणी घेऊन त्यात ब्रश खळबळला आणि पुन्हा दाबला, तर आत राहिलेला साबण दहावा हिस्सा झाला. तसंच आणखी दोनदा केलं की हजारावा हिस्सा. तेच १३५ मिलिलिटर पाणी एकदम घेतलं असतं तर साबण जेमतेम अठ्ठाविसावा हिस्सा झाला असता. पाणी तेवढंच, फरक हजार आणि अठ्ठावीसचा.

खळबळायचं कसं तेही सांगतो, कारण निम्मे लोक तिथं चुकतात. ब्रशाची टोकं खाली करून वाटीत बुडवा आणि तळाला हलकं टेकवून वरखाली करा, फार तर केस थोडे पसरतील इतकं. मुसळासारखं दाबू नका, केस मुळाशी मोडतात. मग ब्रश बाहेर काढून उलटा धरा, टोकं वर. अंगठा आणि दोन बोटांनी मुठीच्या अगदी लगतचे केस चिमटीत धरून हलकेच मळा, भिजलेलं वातीचं सूत चोळतो तसं. आतला पांढरा साबण वर येताना दिसेल. दिसला नाही तर तुम्ही मुळाशी पोचलाच नाहीत. मग मुळापासून टोकाकडे मुठीत दाबून पाणी काढा. पिळायचं नाही, ओढायचं नाही, फक्त दाबायचं. पुन्हा दुसरी वाटी, पुन्हा तिसरी. तिसऱ्या वाटीचं पाणी काचेच्या पेल्यात ओतून खिडकीसमोर धरा. पलीकडच्या अक्षरांवर दुधी झाक आली तर चौथी वाटी घ्या. मी आजही पेला धरून बघतो. डोळ्यांना दिसल्याशिवाय स्वच्छ म्हणायची सवय मला नाही.

पाणी कोमट असावं. गारठ्यात कढत पाणी घ्यायचा मोह होतो, पण केस मुठीत डिंकासारख्या पदार्थानं रोवलेले असतात आणि कढत पाण्यानं तो सांधा सैल पडतो. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल तितकंच ऊन पाणी.

रोज साबण बदलत असाल तर आणखी एक सवय लावा. ब्युरेट शेवटी शुद्ध पाण्यानं धुतली की काम संपत नाही. जे द्रावण तीत भरायचं त्याच्याच थोड्या भागानं ती पुन्हा विसळायची आणि ते फेकून द्यायचं. म्हणजे आत जे काही उरेल ते निदान आपल्याच द्रावणाचं असेल. ब्रशालाही हेच लागू. नवा साबण वापरायच्या दिवशी ओला ब्रश त्यावर चारपाच वेळा फिरवा, तळहातावर थोडा फेस करा आणि तो बेसिनमध्ये दाबून टाका. मग खरा फेस करायला घ्या. अर्धं मिनिटही जात नाही, आणि आदल्या साबणाचा उरलासुरला वास त्या फेसाबरोबर जातो.

सगळे साबण सारखे त्रास देत नाहीत. पुदिन्याचा गारवा देणारे, म्हणजे मेंथॉलवाले, सगळ्यांत चिवट. त्यांच्या दुसऱ्या दिवशी चंदनाचा साबण लावला तर गालाला चंदन आणि थंडी एकदम लागतात. माझ्या धाकट्या मुलाच्या कातडीला मेंथॉल सोसत नाही, कानाखाली लाल चट्टे उठतात. त्यामुळे मेंथॉलला आमच्याकडे वेगळाच ब्रश आहे, त्याच्या मुठीला निळा दोरा बांधलाय. कुणाला एखाद्या सुवासाची किंवा घटकाची ॲलर्जी असेल तर धुण्यावर विसंबू नका, ब्रशच वेगळा ठेवा. लॅनोलिन, म्हणजे लोकरीतली चरबी, किंवा लोणी घातलेले स्निग्ध साबण वास सोडत नाहीत, पण तेलकटपणा सोडतात. ते वापरल्यावर तिसऱ्या वाटीत शाम्पूचा एक थेंब घाला आणि मग चौथी वाटी घ्या. ब्रश न लागणारी म्हणून जी क्रीम मिळते ती ब्रशावर घेऊच नका, बोटांनी लावा. तिचा चिकट थर काढताना जीव जातो.

आता महिन्याची धुलाई. मऊ पाण्याच्या गावी हे तीनचार महिन्यांतून एकदा पुरे. बोअरवर असाल तर महिन्यातून एकदा, आणि ब्रश ओला असतानाही ताठर लागायला लागला तर लगेच.

घरातलं लिंबूसत्त्व घ्या, ढोकळ्यात घालतात ते. पावशेर, म्हणजे २५० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी नऊ भाग. ताजं लिंबू पिळू नका, त्याचा चोथा आणि साखर केसांत अडकते. ब्रश आधी साध्या पाण्यात भिजवून घ्या. मग तो आम्लाच्या पाण्यात फक्त केसांपुरता बुडवा, मूठ कोरडी राहिली पाहिजे. मी दोन पेन्सिली वाटीवर आडव्या टाकतो आणि त्यांच्या फटीत मूठ अडकवून ब्रश उलटा लोंबता ठेवतो. पाच मिनिटं, फार तर दहा. मधे एकदोनदा हलवा. पाणी गढुळतं आणि वर बारीक पांढरे कण येतात, ते बघायला मला अजून बरं वाटतं.

इथं बहुतेक जण थांबतात, आणि इथंच काम अर्धवट राहतं. आम्लानं साक्यातलं कॅल्शियम सुटतं, ते पाण्यात जातं. पण मागे जे उरतं ते मोकळं स्निग्धाम्ल, म्हणजे मेणासारखा पदार्थ. साध्या पाण्यानं तो निघत नाही. म्हणून आम्लानंतर शाम्पू हवाच. एक रुपयाच्या पुडीतला चौथा हिस्सा तळहातावर घेऊन ब्रश गोल फिरवा, मुळाशी बोटांनी मळा. शाम्पू म्हणजे साबण नव्हे, दुष्फेन पाण्यात त्याचा साका होत नाही, म्हणून तो इथं उपयोगी पडतो. कंडिशनर मिसळलेला शाम्पू नको, तो केसांवर नवा थर ठेवतो. मग तीन वाट्या. क्रम उलटा करू नका, आधी आम्ल, मग शाम्पू.

भाच्याच्या ब्रशाला हे दोनदा करावं लागलं. पहिल्या खेपेचं पाणी ताकासारखं निघालं.

सोड्याची एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही ती चूक करणार नाही. नव्या घरात फेस बिघडला तेव्हा कारण कळायच्या आधी मी वडिलांचा ब्रश धुण्याच्या सोड्यात रात्रभर ठेवला होता. चिकटपणा जातो तर हाही जाईल, असं वाटलं. सकाळी केस स्वच्छ निघाले, पण आठवड्यात मधूनच तुटायला लागले. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि अल्कलीनं केराटिन फुगतं, कमजोर होतं. मला हे ठाऊक असायला हवं होतं. वडिलांनी तो ब्रश बावीस वर्षं सांभाळला होता. म्हणून सांगतो, धुण्याचा सोडा नको, ब्लीचिंग पावडर नको, फरशी पुसायचं काहीही नको. आणि ब्लीच व आम्ल तर एका भांड्यात कधीच आणू नका, क्लोरीन वायू निघतो.

ब्रशाच्या जातीप्रमाणे थोडा फरक पडतो. डुकराचे केस जाड, आत पाणी पितात, म्हणून त्यांना वास जास्त लागतो आणि सुकायला वेळही जास्त. वापरून वापरून त्यांची टोकं दुभंगतात, तो दोष नव्हे, तसाच ब्रश मऊ होतो. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा झुपका दाट असतो, साबण मुळाशी अडकून राहतो, तिथं मळण्याची चिमटी फार महत्त्वाची. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा ब्रश सगळ्यांत सोपा, धागा पाणी पीत नाही, तासाभरात कोरडा होतो. रोज साबण बदलायची हौस असेल आणि वेळ नसेल तर मी हाच घ्यायला सांगेन.

नवा प्राण्याच्या केसांचा ब्रश मात्र आणला तसा गालाला लावू नका, आधी शाम्पूनं दोनदा धुवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स हा जनावरांपासून माणसाला लागणारा जिवाणूंचा रोग झाल्याच्या घटना घडल्या होत्या, कारण केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. १९२० मध्ये ब्रिटननं जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. आता केसांवर प्रक्रिया झालेली असते, तरी कारखान्यातली धूळ आणि जनावराचा वास असतोच. त्याच भीतीची धाकटी बहीण म्हणजे दुसऱ्याचा ब्रश. बापलेकांनीही एक ब्रश वापरू नये. दाढी करताना बारीक जखमा होतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

राहिलं सुकवणं. साताऱ्यात जुलैमध्ये उशीची खोळ दोन दिवस वाळत नाही, तिथं ब्रश काय वाळणार! धुतल्यावर जोरात चारपाच झटके द्या, मग सुती पंचावर केस आडवे पुसा. उभा ठेवायचा की टोकं खाली करून टांगायचा यावर लोक वाद घालतात. मी दोन्ही करून पाहिलंय, फरक वाऱ्यानं पडतो. न्हाणीघरात ठेवू नका. आमचे ब्रश बैठकीच्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात, खिडकीच्या चौकटीला ठोकलेल्या आकड्यांना असतात. बायकोनं आधी नाक मुरडलं, आता ती स्वतःच खिडकी उघडी ठेवते. ओला ब्रश त्याच्या प्लास्टिकच्या डबीत कोंडू नका, बुरशी धरते. प्रवासात न्यायचाच असेल तर डबीला तापल्या सुईनं दहाबारा भोकं पाडा. कडक ऊन आणि केस वाळवायचं यंत्र, दोन्ही टाळा. पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाला ४८ तास मिळतात आणि बहुतेक तक्रारी तिथंच मिटतात. मुळाशी काळे ठिपके दिसले आणि कुबट वास धुऊनही गेला नाही, तर तो ब्रश गालाला लावू नका.

नव्या ब्रशाचे पहिल्या आठवड्यात पाचदहा केस गळतात, त्याची काळजी नको. झुपकाच्या झुपका हातात आला तर मात्र मुळाचा सांधा सुटलाय, त्याचं आयुष्य संपलं. वडिलांचा तो ब्रश मी टाकला नाही. तुटलेले केस कात्रीनं सारखे केले, शाम्पूनं धुतला, आणि आता त्यानं पेटीच्या पट्ट्यांमधली धूळ काढतो. त्या कामाला आखूड केसच बरे पडतात.